दहा दिवसांचा पुडा

"मी मिठाच्या बरणीले हात लावला असन, त माहे हात झडून जातीन," रागिणी म्हणाली आणि तिनं बॅगेची चेन जोरात ओढली. चेन अडकली. ती मागं नेऊन तिनं पुन्हा ओढली. "आठ महिने झाले, हेच ऐकून राहिली मी."

"मंग काय, मीठ आपल्या पायानं चालत गेलं भाजीच्या गंजात?" आशाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणाल्या.

"ते मले काय मालूम? तुमचा गंज, तुमचं मीठ, तुमचा हात."

"माहा हात मधात आनू नको."

कुलदीप बायको आणि आई यांच्या मधे हेल्मेट धरून उभा होता. एकदा इकडे तोंड करून त्यानं 'जाऊ दे न' म्हटलं, एकदा तिकडे तोंड करून म्हटलं. कोणीच काही जाऊ दिलं नाही. पुढच्या खोलीत त्याचे वडील पुंजाराम पेपर तोंडासमोर धरून बसले होते. अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

सकाळी डोमाजी आदल्या दिवशीचे डबे परत घेऊन आला तेव्हा हे सुरू झालं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या या घरातून डोमाजी पंधरा वर्षं डबे पोचवत होता. क्लासची पोरं, बँकेतले लोक, एक एकटे राहणारे म्हातारे डॉक्टर, असे मिळून बावीस डबे. जेवण चांगलं झालं की डोमाजी बोलायचा, बिघडलं की बोलायचा नाही. आज त्यानं डबे ओट्यावर ओळीनं मांडले आणि एकेकाचं झाकण काढून बाजूला ठेवलं. चौदा डब्यांत वांग्याची भाजी जशी गेली तशीच परत आली होती. एकात वहीचा कागद होता. 'काकू, सोमवारी मीठ विसरल्या, ते आज वसूल केलं काय?'

आशाबाईंनी चिठ्ठी वाचली, पदराला हात पुसले आणि डोमाजीसमोरच म्हणाल्या, की हे त्यांच्या हातचं नाही. या घरात कोणाला तरी डबे बंद पडायला हवे आहेत. कोणाला, ते सांगावं लागलं नाही. रागिणी वाढदिवसाचे केक करायची. ओटा सकाळी साडेअकरापर्यंत डब्यांचा, आणि तिला केक नेमका बाराला द्यायचा असायचा. ओट्यावरून दोघींची कुरकुर जुनीच होती. पण बाहेरच्या माणसासमोर नाव न घेता चोर ठरवणं नवीन होतं. रागिणीनं कपाटावरची बॅग खाली काढली.

आशाबाई मुळात पातूरकडच्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन अकोल्यात आल्या तेव्हा सासूनं दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. शिजत्या अन्नाची चव घ्यायची नाही, आणि मीठ चमच्यानं टाकायचं नाही. चाखलं की अन्न उष्टं झालं. मग त्यातला घास देवाला कसा दाखवणार, गाईला कसा देणार? रांधणारीनं सगळ्यांच्या शेवटी बसायचं, तोवर मीठ तिच्या जिभेला नाही, हाताला कळलं पाहिजे. आशाबाईंच्या हाताला ते कळलं. तळहातावर मीठ घ्यायचं, अंगठ्यानं त्याची कड सारखी करायची, गंजात सोडायचं. पुंजाराम कामाला होते ती डाळ मिल बंद झाली तेव्हा गल्लीतल्या दोन मास्तरांना डबा देऊन सुरुवात झाली. दोनाचे सात झाले, साताचे बावीस. त्या हातावर कुलदीपचं आयटीआय झालं, मुलगी अपेक्षा एम.एस्सी. झाली. लोक पुंजारामांना 'आशाबाईंचे मालक' म्हणून ओळखायला लागले. चाळीस वर्षांत रांधताना एक थेंब त्यांनी जिभेला लावला नव्हता.

आणि त्यांच्याजवळ पुरावा होता. मिठाचा किलोचा पुडा फोडून बरणीत ओतला, की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुली मारायच्या. बावीस डबे झाल्यापासून एका फुलीपासून दुसऱ्या फुलीपर्यंत दहा दिवस जायचे. पाहुणे आले, सण आला, तर गोष्ट वेगळी. एरवी दहा.

"पाहून घ्या," त्या आता कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माह्या हातून मीठ जास्त पडत असतं त पुडा आठ दिवसांत संपला असता. कमी पडत असतं त बारा दिवस पुरला असता. दहाच दिवस जाते. माहा हात जागच्या जागी हाय."

"मी टाकत असती तरी लवकर संपला असता न आई," रागिणी म्हणाली.

"तू तुह्या केकच्या सामानातलं टाकत असशीन."

"अन् अळणी होते त्या दिवशी? मीठ वेचून काढतो काय मी रस्स्यातून?"

"पानी ओतत असशीन."

अपेक्षा इतका वेळ मोरीच्या भिंतीला टेकून उभी होती. ती अमरावतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, तासांच्या बोलीवर. परीक्षा संपून सुट्टी लागली म्हणून सकाळच्या गाडीनं आली होती. तिची पिशवीही अजून सोफ्यावर होती. ती रागिणीला म्हणाली, की तुम्हाला या महिन्यात तिवस्याला माहेरी जायचंच होतं, तर आजच जा, दहा दिवस राहा. फक्त केकचा वजनकाटा ठेवून जा. मग आईकडे वळली.

"आई, तू नवीन पुडा फोड. स्वयंपाक तूच कर, मधात कोणी येणार नाही. मी फक्त बरणी तोलीन. स्वयंपाकाच्या आधी एकदा, नंतर एकदा. रोज किती मीठ गेलं ते लिहून ठेवीन."

"ठेव," आशाबाई लगेच म्हणाल्या. "होऊन जाऊ दे. तुहा काटा बी बोलू दे अन् माहा पुडा बी बोलू दे."

रागिणी गेली. कुलदीप तिला गाडीवर स्टँडपर्यंत सोडून आला आणि जेवायला न बसताच कामावर गेला.

पहिला दिवस छान गेला. पातोडीचा रस्सा झाला होता. डोमाजीनं डबे आणले ते चाटूनपुसून, आणि तो बोललाही. म्हणाला, बँकेतल्या साहेबांनी पुढच्या वेळी दोन पातोड्या जास्त मागितल्या. आशाबाईंनी तिवस्याच्या दिशेची भिंत दोनदा पाहिली.

दुसऱ्या दिवशीच्या नऊ डब्यांत भाजी परत आली.

आशाबाईंनी रिकाम्या पुड्याचं प्लास्टिक उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, दुकानदारानं या वेळी दुसरंच मीठ दिलं, हे बारीक आहे, बारीक मीठ जास्त खारवतं. तिसऱ्या दिवशी वरण अळणी गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या की या मिठात दमच नाही. एकच मीठ काल खारट आणि आज बेचव कसं, हे कोणी विचारलं नाही. अपेक्षा काटा फडक्यानं पुसायची, वहीत आकडा लिहायची, वही मिटायची. "किती?" आशाबाई विचारायच्या. "दहा दिवस होऊ दे," ती म्हणायची.

पुंजाराम रोज साडेअकराला जेवायचे, डबे गेले की लगेच. समोर येईल ते खायचे. खारट असलं की तांब्याभर पाणी प्यायचे. अळणी असलं की एखादेवेळी खिशातली तंबाखूची जुनी डबी काढून हातात फिरवायचे. तंबाखू सोडून दोन वर्षं झाली होती, पण डबी सुटत नव्हती. आशाबाई ते पाहून न पाहिल्यासारखं करायच्या. माणसाला काहीतरी चाळा लागतो.

सहाव्या दिवशी सकाळी आशाबाई ओट्याशी उभ्या होत्या. वरणाला कढ आला होता. बरणी उघडी होती आणि झाकण त्यांच्या डाव्या हातात होतं. मीठ टाकायचं म्हणून झाकण काढलं, की टाकून झालं आणि आता लावायचं आहे, हे त्यांना कळेना. त्यांनी उजवा तळहात पाहिला. कोरडा होता. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली, खरखर लागते का पाहिलं. बरणीत वाकून पाहिलं; मिठावर बोटांचा खड्डा होता, पण तो आजचा की कालचा, हे मीठ सांगत नव्हतं. कढीपत्ता टाकल्याचं आठवत होतं. त्याच्या आधीचं, मिरच्या चिरल्याचं आठवत होतं. मधे जणू कोणी पान फाडून नेलं होतं.

चमचाभर वरण घेऊन फुंकून जिभेला लावलं असतं तर झालं असतं. बाजूला चमचा होता. त्यांनी तो उचलून वाटीत उलटा ठेवला.

'टाकलंच असन,' त्या मनाशी म्हणाल्या, आणि झाकण लावलं.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. उन्हाळ्यापासून होत होतं. कधी 'टाकलंच असन' म्हणून झाकण लागायचं, कधी 'राहिलंच असन' म्हणून हात पुन्हा बरणीत जायचा. दुपारी दोनला सगळ्यांच्या मागून ताटावर बसल्या की पहिल्या घासाला कळायचं, पण तोवर डबे शहरभर पोचलेले असायचे. आणि त्या घासाबरोबर दरवेळी एकच नाव मनात यायचं. सुनेचं. ते नाव आलं की बरं वाटायचं, जेवण जायचं.

त्या दिवशी घरात सून नव्हती. घास तोंडात फिरत राहिला. आशाबाईंनी लोणचं घेतलं आणि जेवण संपवलं.

आठव्या दिवशी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या डब्यात चिठ्ठी आली. 'आशाबाई, सवडीनं एकदा येऊन जा.' तक्रार असेल म्हणून त्यांनी ती घडी करून पोळपाटाखाली ठेवली.

दहाव्या दिवशी शेवटची मूठ गंजात गेली आणि बरणीचा तळ दिसला. आशाबाईंनी बरणी उजेडाकडे धरली, बोटानं तळ पुसला, आणि कॅलेंडरपाशी जाऊन घरं मोजली. एक, दोन, तीन. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली. दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर त्या अंगणात आल्या. अपेक्षा हिवाळ्याच्या उन्हात पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. हिरवे दाणे, सोले, परातीत पडत होते.

"दहा दिवस," आशाबाई म्हणाल्या. दहा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या. "नऊ नाही, अकरा नाही. पुडा आजच संपला. सांग आता तुह्या वहीले."

अपेक्षानं वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही. "बस न आई जरा," ती म्हणाली.

तिनं परात आईसमोर ओढली. म्हणाली, एक सोला म्हणजे दहा ग्राम धर. किलोचा पुडा, म्हणजे शंभर सोले. दहा दिवसांत गेले. रोजचे किती?

"दहा," आशाबाई म्हणाल्या. चौथी शिकलेल्या असल्या तरी पाढे त्यांचे तीसपर्यंत पाठ होते.

"हे सरासरी. सगळं एकत्र केलं अन् सारखं वाटलं, त रोजच्या वाट्याले दहा. तुहा पुडा इतकंच सांगते. अन् खरंच सांगते."

"मंग?"

अपेक्षानं पोत्यावर दहा ठिकाणी सोले मांडायला सुरुवात केली, वहीत पाहून, एकेका दिवसाचे. पहिल्या दिवशी दहा. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी साडेपाच. एक सोला तिनं नखानं चिरून अर्धा केला. मग दहा. मग पंधरा. सहाव्या दिवशी चार. मग साडेनऊ, सतरा, पाच, आठ.

दहा ढीग उन्हात पडले होते. कोणता कोणाएवढा नव्हता. आशाबाई सहाव्या ढिगाकडे पाहत होत्या. चार सोले. 'टाकलंच असन.'

"आता पाय," अपेक्षा म्हणाली. "दहाच्या वर किती गेले अन् दहाच्या खाली किती राहिले, याची बेरीज करू. दुसऱ्या दिवशी सहा जास्त. सहाव्या दिवशी सहा कमी. किती झाले?"

"मिटले."

"पाचव्या दिवशी पाच जास्त, नवव्या दिवशी पाच कमी."

"ते बी मिटले." आशाबाईंनी उरलेल्या ढिगांवरून स्वतःच बोट फिरवलं. सतरातले सात वर. साडेपाचाचे साडेचार, साडेनऊचा अर्धा, आठाचे दोन खाली. सात आणि सात. "सारंच मिटलं. मंग चूक कुठं हाय?"

"म्हणूनच पुड्यात दिसत नाही. खारट दिवस अळणी दिवसाले खाऊन टाकते. पन जेवणारा माणूस दहा दिवसांचं एकदम कालवून जेवत नाही न, आई. तो रोजचं रोज जेवते."

समोरच्या छपरावर कोणी तरी वड्या वाळत घातल्या होत्या, त्यावर कावळा उतरला. आशाबाईंनी हात उचलून त्याला हाकललं.

"मंग तुमच्या कॉलेजात याले काय करतेत?" त्यांनी विचारलं.

अपेक्षा सांगत गेली, शिकवतानाच्या आवाजात नाही, हळू. कमी आणि जास्त एकमेकांना मिटवतात, म्हणून हरेक चुकीला तिच्याच आकड्यानं गुणायचं. मग कमी काय, जास्त काय, दोन्ही चुकाच उरतात, मिटत नाहीत.

"गुणाचं काहून? नुसते कमी-जास्त सोडून मोजले त नाई चालत?"

"ते बी चालते. पन तू सांग, एक सोला मीठ जास्त पडलं त जेवणारा काय करते?"

"काय करते. दही घेते, जेवते."

"अन् सहा सोले जास्त पडलं त?"

"ताट सरकवते."

"म्हणजे सहा सोल्यांची चूक एका सोल्याच्या सहापट नाही. लय मोठी हाय. एक गुणिले एक, एकच राहते. सहा गुणिले सहा?"

"छत्तीस."

"तशे सगळे गुणायचे अन् मिळवायचे."

दोघींनी मिळून ते केलं. आशाबाई पाढे म्हणत होत्या, अपेक्षा लिहीत होती. साती साती एकोणपन्नास. पाची पाची पंचवीस, तो दोनदा. साडेचारचा अपेक्षानं कागदावर केला. सगळे मिळून एकशे साडेपंच्याण्णव झाले. दहा दिवसांत वाटले, एका दिवसाला जवळपास साडेएकोणीस.

"आता हे आपणच गुणून फुगवलं होतं, ते परत उतरवू. कोणत्या आकड्याले त्याच आकड्यानं गुणलं त साडेएकोणीस येतीन?"

"चार चोक सोळा," आशाबाई म्हणाल्या. "पाची पाची पंचवीस. मधातला कोनता तरी."

"साडेचार सोल्यांच्या जरासा आत. चव्वेचाळीस ग्राम. याले प्रमाण विचलन म्हणतेत. म्हणजे तुहा हात शंभराच्या आसपासच फिरते, पन एखाद्या दिवशी चव्वेचाळीस इकडे, एखाद्या दिवशी चव्वेचाळीस तिकडे, असा."

हे तिनं वहीत पाहून म्हटलं, आईकडे पाहून नाही.

आशाबाई उठल्या. आत गेल्या. लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याचं एक प्रॅक्टिकलचं जर्नल होतं, शालूच्या घडीत ठेवलेलं. अपेक्षानं ते ओळखलं. तिचं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, आठ वर्षांपूर्वीचं. तेव्हाही तिनं दहा दिवस हीच बरणी तोलली होती, कॉलेजातून काटा आणून, बावीस डब्यांच्याच स्वयंपाकाला. सरांनी त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'आकडे घरी बसून तयार केलेले दिसतात. हातानं टाकलेलं मीठ इतकं सारखं असू शकत नाही.' पोरगी रडत घरी आली होती. दुसऱ्या दिवशी आशाबाई स्वतः कॉलेजात डबा घेऊन गेल्या, सरांच्या टेबलावर ठेवला, म्हणाल्या, दहा दिवस जेवा अन् मंग सांगा. आठव्या दिवशी सरांनी लाल ओळ खोडून सही केली होती. आशाबाईंनी जर्नल पेटीत ठेवलं ते त्या सहीसाठी. आत काय लिहिलं आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं. हाताचं कौतुक आहे, एवढं ठाऊक होतं.

"याच्यात हाय काय तो आकडा?" त्यांनी विचारलं.

अपेक्षानं पान काढलं. शंभर, सत्त्याण्णव, एकशे तीन, एकशे एक, शहाण्णव. खाली सरासरी शंभर. त्याखाली रेघ ओढून दुसरा आकडा.

"किती?"

"आई, राहू दे."

"सांग."

"अडीच ग्राम."

आशाबाईंनी परातीतून एक सोला उचलला. नखानं दोन भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. एक तुकडा तळहातावर ठेवला. दिसेल न दिसेल एवढा हिरवा तुकडा होता. त्या त्याच्याकडे किती तरी वेळ पाहत बसल्या. आपला हात काय होता हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समजलं होतं, आकड्यानिशी, आणि ज्या दुपारी समजलं त्याच दुपारी तो गेला होता.

"अन् रागिणी दहाही दिवस नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"हां."

अपेक्षा घाईनं सांगायला लागली, की यावर उपाय असतात, चमचा ठरवून घेऊ, टाकलं की पाटीवर खूण करायची. नाहीतर सरळ चाखून पाहायचं, देव काही रागावत नाही. आणि डॉक्टरांना दाखवू, हे नुसतं थकण्यानंही होतं. आशाबाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. ढिगांतले सोले त्यांनी एकेक करून परातीत लोटले. सगळे एकत्र झाल्यावर कोणता कोणत्या दिवसाचा, ते ओळखू येत नव्हतं.

"दिवा लावायची वेळ झाली," त्या म्हणाल्या.

सहा वाजता कुलदीप आला. चहा झाला. पुंजाराम पुढच्या खोलीतून येऊन पाटावर बसले. अंगणातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. खिडकी उघडीच असायची. त्यांनी खिशातली डबी काढून जमिनीवर ठेवली, आणि नेहमीसारखी हातात न फिरवता उघडली. आत तंबाखू नव्हती. एका बाजूला बारीक मीठ होतं.

आशाबाईंनी डबीकडे पाहिलं. "कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"मले सांगता नाई आलं?"

पुंजाराम डबीचं झाकण उघडझाप करत राहिले. "चाळीस वर्षं मीठ मांगाची वेळ नाही येऊ देली तू," ते म्हणाले. "आता कोनत्या तोंडानं मांगू?"

कुलदीपनं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यानं फोन काढून तिवस्याचा नंबर लावला, मग वाजायच्या आतच बंद केला.

आशाबाई स्वयंपाकघरात गेल्या. बरणी घासून, पुसून, पालथी ठेवलेली होती. फडताळातून त्यांनी मिठाचा नवीन पुडा काढला. पोळपाटाखालची चिठ्ठी काढली. सवयीनं कॅलेंडरपाशी जाऊन पेन्सिल उचलली, आणि फुली न मारता ती परत खिळ्याला अडकवली. मग बाहेर येऊन त्यांनी न फोडलेला पुडा तिघांच्या मधे, डबीशेजारी ठेवला. त्यांचे डोळे कोरडे होते. आवाज रोजचा होता, भाजीवाल्याशी बोलतानाचा.

"डोमाजीले फोन करून सांग, दोन दिवस डबे बंद," त्या कुलदीपला म्हणाल्या. "उद्या सकाळच्या गाडीनं मी तिवस्याले जातो. अपेक्षा अमरावतीपर्यंत सोबत हाय. रागिणीच्या माय-बापासमोर तिची माफी मांगतो अन् तिले घेऊन येतो. डॉक्टरसाहेबानं बोलावलं हाय, त्यायच्याकडे शनिवारी जातो. हा पुडा रागिणी फोडीन. मी भाजी चिरून देईन, पोया लाटून देईन. मीठ ती टाकीन, अन् टाकल्यावर चाखून पाहीन."